खाडीपुलाचा खांब आणि पाण्याचा ताल
(वाशीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मानखुर्द सोडून गाडी खाडीपुलावर आली की कुणी नाणं टाकतं, कुणी निर्माल्याची पिशवी. (पिशवी टाकू नका, हे ओघानं आलंच.) पुढच्या वेळी ओहोटी जोरात असेल तर खांबामागचं पाणी बघा. एक भोवरा डावीकडून सुटतो, मग एक उजवीकडून. खांब गोल, २ मीटर जाडीचा आणि पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर धरला, तर ही जोडी साधारण १० सेकंदांत पुरी होते. ताल पक्का असतो, पण वर एवढी बारीक खळबळ माजलेली असते की डोळ्यांना तो सापडत नाही.

समजा, या पाण्याच्या वेगाची २००० चित्रं टिपली, प्रत्येकात १० लाख बिंदू. ढिगातून ताल कसा वेचायचा? १९६७ मध्ये जॉन लम्ली यांनी टर्ब्युलन्ससाठी, म्हणजे अशा खळबळत्या प्रवाहासाठी, पीओडी (प्रॉपर ऑर्थोगोनल डीकंपोझिशन) ही पद्धत आणली. सरासरी प्रवाह वजा करायचा आणि उरलेल्या हालचालीचे असे साचे शोधायचे की पहिल्यात सर्वाधिक ऊर्जा मावेल, दुसऱ्यात उरलेल्यातली सर्वाधिक, असं पुढे. हे साचे म्हणजे मोड. पण १० लाख गुणिले १० लाखांची मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा तेवढा मोठा चौकोन, सोडवणार कोण? लॉरेन्स सिरोविच यांनी १९८७ मध्ये दाखवलं की चित्रांचीच आपसांत तुलना केली तर २००० गुणिले २००० मध्ये काम भागतं. या विषयातली मला सर्वांत आवडलेली युक्ती हीच.

गोम पुढे आहे. विद्यार्थी पहिला मोड रंगवून आणतात आणि म्हणतात, ‘‘सर, भोवरा सापडला!’’ अहो, मोड म्हणजे भोवरा नव्हे. वाहत जाणारी भोवऱ्यांची एकच रांग पीओडीत दोन मोडांत विभागली जाते, साइन-कोसाइनसारखी, एकमेकांपासून पाव तरंगलांबीनं सरकलेली. शिवाय भजनात सगळ्यात मोठ्यानं गाणारा लय धरून असतोच असं नाही. पीओडी आवाज मोजते, म्हणजे ऊर्जा; लय नव्हे.

लय हवी तर दुसरी पद्धत, डीएमडी (डायनॅमिक मोड डीकंपोझिशन). पीटर श्मिड यांचा यावरचा शोधनिबंध २०१० चा. आजच्या चित्रावरून पुढचं चित्र देणारा एकच रेषीय नियम शोधायचा. त्यातल्या प्रत्येक मोडला स्वतःची एकच वारंवारता, आणि वाढण्याचा वा विरण्याचा दर. मात्र मोजमापात गोंगाट असला की टिकणारा तालही विरताना दिसतो. म्हणून मी दोन्ही करून बघतो.

मागून एका काकांनी विचारलं, ‘‘खाडीत चित्रं किती वेळ घ्यायची?’’ प्रश्न नेमका आहे. ऐन ओहोटीत २० मिनिटं घ्या, १२० फेरे मिळतील. दिवसभर कॅमेरा लावलात तर भरती लागताच भोवरे खांबाच्या दुसऱ्या बाजूला जातील, आणि जी सरासरी वजा करायची तीच दोन प्रवाहांची खिचडी झालेली असेल.