झाकता न येणारे पाणी

केरळच्या उत्तर टोकाला, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या कासरगोड जिल्ह्यातील हा डोंगर कोकणातील माणसाला परका वाटणार नाही. तोच जांभा, तीच काजूची झाडे, तशाच सुपारीच्या बागा. समोर कड्यात दिसणारे हे अरुंद तोंड सुरंगमचे आहे. एका माणसाला जेमतेम शिरता येईल एवढे आडवे भुयार कुदळीने खोदत न्यायचे, तळाला बाहेरच्या बाजूस किंचित उतार ठेवायचा, आत हवा कमी पडते का हे पेटत्या मेणबत्तीवरून ओळखायचे आणि झरा लागेपर्यंत पुढे सरकत राहायचे, अशी ही खोदाईची रीत आहे. त्याला पंप लागत नाही, वीज लागत नाही. झिरपलेले पाणी आपल्या पायांनी बाहेर येते, तोंडाशी बांधलेल्या कुंडात साठते आणि त्यावर घर व बाग दोन्ही चालतात.

माथ्यावर दिसणाऱ्या काजूबागा मात्र केरळ सरकारच्या प्लँटेशन कॉर्पोरेशनच्या. काजूवरील ढेकण्या ही कीड मारण्यासाठी 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून 2000 च्या अखेरीपर्यंत येथे हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान हे विषारी कीटकनाशक फवारले गेले. बागा वर आणि वस्ती खाली, त्यामुळे वाऱ्याने आलेले तुषार अंगणात व उघड्या विहिरींत पडत. फवारणीपूर्वी पाणवठे झाकावेत, असा नियम होता. विहिरीवर झाप टाकता येतील, पण ओहोळ कसा झाकायचा? ज्या डोंगरातून घराचे पाणी झिरपते, तो डोंगर कशाने झाकायचा? नियम करणाऱ्यांनी हा मुलूख पाहिलाच नसावा.

एंडोसल्फान पाण्यात फारसे विरघळत नाही. ते मातीच्या कणांना चिकटते, पावसात मातीबरोबर ओहोळात उतरते आणि गाळात बसते. त्यापासून तयार होणारे एंडोसल्फान सल्फेटही विषारीच असते आणि मूळ रसायनापेक्षा अधिक काळ टिकते. कृषी खात्यात काम करणाऱ्या लीलाकुमारी अम्मा 1998 मध्ये होसदुर्गच्या न्यायालयात गेल्या आणि त्यांनी फवारणीविरुद्ध मनाई हुकूम मिळवला. 2001 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने याच जिल्ह्यातील पद्रे गावचे पाणी, माती आणि माणसांचे रक्त तपासले. तिन्हींत एंडोसल्फानचे अंश आढळले. देशभर बंदी येण्यास 13 मे 2011 उजाडला.

एंडोसल्फानची बाधा झालेल्या पीडितांच्या सरकारी यादीत सहा हजारांहून अधिक नावे आहेत. त्यांना प्रत्येकी 5 लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये दिला.

उरलेले एंडोसल्फान कॉर्पोरेशनच्या गोदामांत पिंपांमध्ये पडून राहिले. त्यातील काही साठा मिंचिपदवू येथील बागेतल्या एका पडक्या विहिरीत पुरल्याचा आरोप झाला, प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पथकाने तेथील माती व पाण्याचे नमुने घेतले. अशा प्रत्येक तपासणीचे आकडे आधी खालच्या वस्तीत, मल्याळम, कन्नड आणि तुळू बोलणाऱ्या प्रत्येकाला कळतील अशा रीतीने, जाहीर झाले पाहिजेत.