तीन ओळींची नोट

मॉरिशसची कागदी नोट उजेडासमोर धरली की मोकळ्या पांढऱ्या जागेत एक पक्षी उमटतो. वाकडी, जाड चोच. हा डोडो. याच बेटावरचा, आणि सतराव्या शतकातच नामशेष झालेला. 1967 साली मॉरिशसची मध्यवर्ती बँक स्थापन झाली. तिच्या पहिल्या नोटांपासून हे जलचिन्ह आहे. त्यासाठी शाईचा थेंबही लागत नाही. कागदाचा लगदा ओला असतानाच कुठे जाड, कुठे पातळ बसवला जातो. पातळ जागेतून उजेड जास्त येतो आणि चित्र दिसतं. रंगीत झेरॉक्सला हे साधत नाही.

आता नोट आडवी धरा आणि तिच्यावर छापलेल्या चेहऱ्यावरून बोट फिरवा. खरखर लागते. कोरलेल्या पत्र्यावरची शाई प्रचंड दाबाखाली कागदावर उचलली जाते, म्हणून तिचा उंचवटा राहतो. बाजारातला भाजीवाला नोट खरी की खोटी हे बोटांनीच ओळखतो, ते यामुळे.

आणि हे चेहरे कोणाचे? पंचवीस रुपयांच्या नोटेवर चिनी वंशाचे व्यापारी आणि मंत्री मॉइलिन जाँ आ-च्वेन. पन्नासवर फ्रेंच वंशाचे मॉरिस पातुरो. शंभरवर तमिळ वंशाचे रंगनादन सीनीवासेन. दोनशेवर मुस्लिम समाजाचे नेते अब्दुल रझाक मोहमद, जन्म कोलकात्याचा. पाचशेवर सुखदेव विष्णुदयाल, हजारवर क्रिओल, म्हणजे आफ्रिकी आणि मिश्र वंशाच्या जनतेचे लाडके गाएताँ द्युवाल, आणि दोन हजारवर पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. एवढ्याशा देशात कोण कोण नांदतं, ते या सात नोटांतून कळतं. हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

पण याच मालिकेनं देश ढवळून काढला.

नोव्हेंबर 1998. नव्या नोटा बाजारात आल्या. जुन्या नोटांवर रक्कम आधी इंग्रजीत, मग तमिळमध्ये, मग हिंदीत लिहिलेली असायची. नव्या नोटांवर देवनागरी ओळ वर गेली, तमिळ खाली आली. बाकी अक्षरं तीच, रक्कम तीच.

तमिळ समाज रस्त्यावर उतरला. त्यांचं म्हणणं समजून घ्यायला इतिहासात जावं लागतं. 1834 पासून उसाच्या मळ्यांसाठी गिरमिटिया, म्हणजे करारानं बांधलेले मजूर भारतातून जहाजांनी येऊ लागले. त्यांत बिहारकडचे होते, तसे मुंबई बंदरातून निघालेले कोकणातले मराठीही होते. तमिळ कारागीर मात्र त्याच्या कितीतरी आधी, फ्रेंचांच्या काळात, बेटावर आले होते. राजधानी पोर्ट लुई उभारण्यात त्यांचे हात होते. आधी आलेल्यांची ओळ खाली का, हा त्यांचा सवाल होता, आणि माझ्या मते तो रास्त होता. जून 1999 मध्ये ती सगळी मालिका मागे घेण्यात आली. जलचिन्ह, धागा, छपाई, कशातच खोट नव्हती. नोटा गेल्या त्या ओळींच्या क्रमापायी.

आपल्याकडची नोट काढून बघा. मागच्या बाजूला पंधरा भाषांची पट्टी आहे. मराठी आठव्या ओळीवर. क्रम इंग्रजी वर्णमालेनुसार लावलेला, त्यामुळे वरखाली कोण, हा वादच उरत नाही. मॉरिशसच्या नोटेवर मराठीला वेगळी ओळ नाही. तिथल्या शाळांत मराठी शिकवली जाते, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते; नोटेवरची देवनागरी ओळ मात्र हिंदीची. ती तिथला मराठी माणूसही सहज वाचतो.

सुधारलेल्या नोटा 1999 पासून आल्या. इंग्रजी, तमिळ, हिंदी, हा जुना क्रम परत आला. 2013 मध्ये पंचवीस, पन्नास आणि पाचशेच्या नोटा कागदाऐवजी पॉलिमरवर छापल्या गेल्या. 2018 मध्ये दोन हजारची नोटही तशी झाली. हे तंत्र ऑस्ट्रेलियाचं, 1988 सालचं. पॉलिमरला घाम आणि दमट हवा बाधत नाही, आणि समुद्रानं वेढलेल्या बेटावर ही गोष्ट छोटी नाही. या नोटेत एक आरपार पारदर्शक खिडकी असते. तिच्यामागे बोट धरलं की ते स्वच्छ दिसतं. खोटी नोट छापणाऱ्याची खरी अडचण तिथेच होते, कारण कागदावर शाई चढवता येते, पण कागद काचेसारखा करता येत नाही.