गाडीच्या पोटाखालची बॅटरी आणि इन्शुरन्सचा हिशोब

दृश्य – सोसायटीचं गेट, पावसाळी सकाळ. स्पीडब्रेकरवरून तिरकी जाणारी एक गाडी.

चिंचवडमधल्या एका सोसायटीच्या गेटवरचा हा स्पीडब्रेकर. माझे मामा इथेच राहतात. मागच्या पावसाळ्यात त्यांची आठ महिन्यांची इलेक्ट्रिक गाडी इथेच खालून घासली, खट्ट असा आवाज झाला, पण गाडी नीट चालत होती म्हणून मामा ऑफिसला जाऊन परतही आले. दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर वॉर्निंग आली आणि गाडी स्टार्टच होईना. बाहेरून बघाल तर एक ओरखडा नाही. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गाडी लिफ्टवर घेतली, खालून फोटो काढले आणि एस्टिमेट हातात ठेवलं, अख्खा बॅटरी पॅक बदलायचा, साडेसहा लाख. मामी म्हणाल्या, "अहो, पण लागलंय कुठे ते तरी दाखवा!"

दृश्य – लिफ्टवरची गाडी, खालून. बॅटरी पॅकची सपाट पेटी.

आता हे खालून बघा. पेट्रोल गाडीत इंजिन पुढे बॉनेटमध्ये असतं, इथे सगळ्यात महाग पार्ट सीटच्या खाली, जमिनीला सगळ्यात जवळ. या पेटीत सेल, त्यांचे मॉड्यूल म्हणजे गट, थंड ठेवणारं कूलंट आणि सगळ्यावर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक सिस्टीम. पेटीला पोचा आला की आत सेल दाबला गेलाय का, सील सुटलंय का हे बाहेरून कळत नाही, उघडून तपासायचं तर तीन-चारशे व्होल्टचं काम, इन्सुलेटेड ग्लोव्हज, वेगळी हत्यारं आणि ट्रेनिंग झालेला माणूस लागतो, आणि असा माणूस प्रत्येक सेंटरला नसतो. मग सेफ्टीच्या नावाखाली सोपा रस्ता, पॅकच बदला. सेफ्टीची काळजी खरी आहे, दुखावलेला सेल काही दिवसांनीही पेटू शकतो. पण तपासणी न करता थेट साडेसहा लाख लिहिणं मला पटत नाही.

इन्शुरन्स कुठे अडतो ते बघू. आपल्या मोटार पॉलिसीचे शब्द आजही बरेचसे 2002 च्या इंडिया मोटर टॅरिफमधले, म्हणजे मोटार विम्याच्या जुन्या नियमावलीतले आहेत. त्यात पार्ट बदलताना घसारा कापतात, म्हणजे डेप्रिसिएशन. काचेला शून्य, धातूच्या पार्टला गाडीच्या वयाप्रमाणे, आणि रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांना सरसकट 50 टक्के. हे लिहिलं तेव्हा बॅटरी म्हणजे बॉनेटमधली 12 व्होल्टची, काही हजारांची वस्तू, तिचे अर्धे पैसे गेले तरी कोणी रडत नव्हतं. आता तोच शब्द साडेसहा लाखांच्या पॅकला लागला तर सव्वातीन लाख तुमच्या खिशातून, आणि गाडी तर जेमतेम आठ महिन्यांची! म्हणून झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, घेतलं एवढं म्हणून थांबू नका, त्यात ही मोठी बॅटरी धरली आहे का ते पॉलिसीच्या कागदावर वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर नाही.

दुसरी गोष्ट टोटल लॉसची, जी मला सगळ्यात जास्त खुपते. गाडीची विमा रक्कम, ज्याला सगळे आयडीव्ही म्हणतात, वर्षाच्या सुरुवातीला ठरते. 15 लाखांच्या गाडीची नवी असताना 14 लाख 25 हजार, तीन वर्षं पूर्ण झाली की 40 टक्के कापून 9 लाख. आणि दुरुस्तीचा खर्च या रकमेच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे कंपनी दुरुस्तीऐवजी विमा रक्कम देऊन मोकळी होते. 9 लाखांचे 75 टक्के म्हणजे पावणेसात. पॅकचे साडेसहा, त्यात मजुरी आणि बाकीचे पार्ट धरले की रेषा ओलांडली. म्हणजे मामांच्या गाडीला हाच धक्का चौथ्या वर्षी बसला असता तर दरवाजे, सीट, मोटर सगळं धडधाकट असलेली गाडी कागदावर भंगार झाली असती, आणि लोन विमा रकमेपेक्षा जास्त उरलं असेल तर त्याचे हप्ते मात्र चालूच.

दृश्य – शोरूमची काच, आत उभ्या गाड्या. पडद्यावर आकडे.

शोरूममध्ये सांगतात की ईव्हीचा इन्शुरन्स स्वस्त पडतो, सरकारने 15 टक्के सूट दिलीये. सूट आहे, 1 जून 2022 पासून, पण ती फक्त थर्ड पार्टीवर, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई करणारा भाग. त्यातही एक गंमत नाही, गफलत आहे. पेट्रोल गाडीचा दर सीसीवर ठरतो, इलेक्ट्रिकचा किलोवॅटवर. 2020 साली आलेल्या नेक्सॉन ईव्हीची मोटर 95 किलोवॅटची, म्हणजे 65 च्या वरचा स्लॅब, नव्या गाडीचे तीन वर्षांचे 20,907 रुपये. पेट्रोल नेक्सॉन 1,199 सीसी, तिचे त्याच दरपत्रकात 10,640. सूट धरून जवळजवळ दुप्पट! टियागो ईव्हीसारख्या छोट्या गाडीला मात्र खरंच फायदा होतो, 10,640 च्या जागी 9,044. ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा प्रीमियम वेगळाच, तो गाडीच्या किमतीवर चढतो आणि ईव्हीची किंमत आधीच जास्त.

स्कूटरवाल्यांसाठी एकच सांगतो, 250 वॅट आणि ताशी 25 किलोमीटरच्या आतल्या गाडीला रजिस्ट्रेशन लागत नाही, त्यामुळे बरेच जण विमाच काढत नाहीत, आणि कोणाला धडक बसली तर सगळं अंगावर येतं.

दृश्य – पुणे, सिंहगड रोड. पाणी ओसरल्यानंतरचं पार्किंग.

25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकता नगरीत घराघरात शिरलं ते पुणेकरांना आठवत असेल. बॅटरी आयपी 67 आहे म्हणून लोक निर्धास्त असतात. आयपी 67 चा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेही टेस्टमध्ये, धड पेटीसाठी. पार्किंगमध्ये पाणी तासन् तास उभं राहतं आणि ते चिखलाचं असतं, वर पेटीला आधीच पोचा असेल तर सीलचा भरवसा कोण देणार? पुराचं नुकसान पॉलिसीत धरलेलं असतं, पण पाण्यातून काढल्यावर तुम्ही स्टार्ट करून बघितली, चार्जिंगला लावली आणि आत शॉर्ट झालं, तर कंपनी म्हणते हे तुमच्यामुळे वाढलेलं नुकसान. त्यासाठी बॅटरी प्रोटेक्ट नावाचं वेगळं कव्हर मिळतं. आणि गाडी भिजली तर हात लावू नका, फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक मागवा, चाकं जमिनीवर ठेवून ओढत नेऊ नका, कारण मोटरला जोडलेली चाकं फिरली की मोटर वीज तयार करायला लागते. घरच्या भिंतीवरचा चार्जर हा गाडीचा भाग धरतात की नाही तेही विचारून घ्या.

दृश्य – मामा, घराच्या बाल्कनीत, हातात फाईल.

मामांचं पुढे काय झालं? इन्शुरन्सकडून नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअर मॅडम आल्या, त्यांनी पॅक बदलायच्या एस्टिमेटवर सही करायला नकार दिला, आधी तपासणी करा म्हणाल्या. गाडी त्याच कंपनीच्या दुसऱ्या सेंटरला नेली, तिथे प्रत्येक मॉड्यूलचं व्होल्टेज बघितलं, सगळी सारखी. मग पेटीत हवा भरून लीक टेस्ट, आणि सापडलं, पोच्याजवळच्या कनेक्टरचं सील सुटून ओल शिरली होती. खालचं कव्हर, कनेक्टर, सील आणि कूलंट, एक लाख बारा हजार. साडेसहा लाखांच्या जागी! मामांच्या झिरो डेपमध्ये बॅटरी लिहिलेली होती म्हणून डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण भरायची ठरलेली रक्कम, आणि कूलंट-नटबोल्टचे पैसे सोडले तर बाकी कंपनीने भरलं. पहिल्याच वर्षी क्लेम झाल्यामुळे 20 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्यास प्रीमियमवर मिळणारी सूट, गेला, आणि तेवीस दिवस गाडी नव्हती.

निघताना आम्ही तो स्पीडब्रेकर टेपने मोजला. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात उंची 10 सेंटीमीटर आणि रुंदी 3.7 मीटर. हा 16 सेंटीमीटर उंच, रुंदी अर्धा मीटरसुद्धा नाही. मामांनी सोसायटीच्या कमिटीला पत्र दिलंय, पुढच्या मीटिंगमध्ये विषय घेतो म्हणालेत.