घाई कुठे करायची नाही ते सांगणारी आकृती

स्लॅब पडला की घरमालक दुसऱ्याच दिवशी विचारतो, "सेंट्रिंग कधी खोलणार?" खाली टेकूंची दाटी असते, आत शिरता येत नाही, काम ठप्प झाल्यासारखं वाटतं. आज फळ्यावर याच कामाची बाणांची आकृती काढू, म्हणजे कुठलं काम कशानंतर येतं आणि उशीर कुठे चालत नाही ते दिसेल. एक मजला, स्लॅब पडल्यापासून आतल्या प्लास्टरपर्यंत.

पहिलं काम, टेकू तसेच ठेवणं: 14 दिवस. हो, हेही कामच धरायचं. याला मजूर लागत नाही, पण दिवस लागतात, म्हणून आकृतीत त्याची जागा हवीच. 6 मीटरपर्यंतच्या तुळईसाठी आयएस 456 या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकात किमान 14 दिवस दिलेत, तेही साधं पोर्टलँड सिमेंट असेल आणि थंडी फार नसेल तर. मग सेंट्रिंग काढायला 2 दिवस, आतल्या भिंतींना 8, खाचा मारून वायरिंगचे पाइप बसवायला 3 आणि प्लास्टरला 8. शिवाय सुताराकडे दाराच्या लाकडी चौकटी तयार होतायत, 20 दिवस. ते काम स्लॅबच्याच दिवशी सुरू झालं असं धरू.

आता प्रत्येक कामापाशी थांबून एकच विचारायचं: हे सुरू व्हायच्या आधी काय संपलेलं असलं पाहिजे? हे ऑफिसात बसून ठरवू नका, गवंड्याला विचारा. मी नवीन असताना चौकटी भिंतींनंतर दाखवल्या होत्या. गवंडी म्हणाला, "साहेब, चौकट उभी करूनच भिंत वर चढते." त्या एका वाक्यानं सगळी आकृती बदलली. भिंतींच्या आधी आता दोन बाण येऊन मिळतात, एक सेंट्रिंगकडून आणि एक चौकटींकडून.

डावीकडून बेरीज करत चला. सेंट्रिंग 16व्या दिवशी मोकळं होतं, चौकटी 20व्या दिवशी येतात. दोन बाण मिळतात तिथे मोठा आकडा घ्यायचा, म्हणजे 20. भिंती 28ला, पाइप 31ला, प्लास्टर 39ला. मग उजवीकडून वजा करत परत या. भिंती 20व्या दिवशी सुरू व्हायच्या असतील, तर सेंट्रिंग काढायला 18व्या दिवशी हात घातला तरी चालतं. 14 आणि 18 मधले हे 4 दिवस म्हणजे फ्लोट, शेवटची तारीख न हलवता थांबता येईल तेवढी सवड. चौकटींना फ्लोट शून्य. चौकटी, भिंती, पाइप, प्लास्टर हा झाला क्रिटिकल पाथ, म्हणजे जिथे एक दिवस उशीर झाला की सगळं काम एक दिवस लांबतं ती वाट, आणि त्याचं पहिलं काम साइटवर नाहीच, ते सुताराच्या शेडमध्ये चाललंय.

क्रिटिकल पाथची ही पद्धत 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात ड्यूपाँटचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी रासायनिक कारखान्यांच्या कामांसाठी बसवली. त्याच सुमारास अमेरिकी नौदलानं पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट नावाची अशीच पद्धत आणली. तिथे कामं नवी होती, किती दिवस लागतील ते छातीठोक कुणी सांगू शकत नव्हतं, म्हणून तीन अंदाज घेतले. चौकटींचे आपले 20 दिवसही तसेच आलेत. सगळं जुळलं तर 14, एरवी 18, लाकूड अडकलं तर 34. मधल्याला चौपट वजन द्या: 14 अधिक 72 अधिक 34, भागिले 6, म्हणजे 20.

माझ्या एका जुन्या साइटवर भिंतीला नुसता बारचार्ट लावलेला होता, प्रत्येक कामाची एक पट्टी, पण कामांना जोडणारे बाण नाहीत. चौकटींची पट्टी सगळ्यात खाली, कुणाचं लक्ष नाही. उशीर होतोय म्हणून 9व्या दिवशी टेकू काढले. मी तिथेच होतो, मी अडवलं नाही. स्लॅबला मध्ये झोल आला. आणि मग गवंडी चौकटींची वाट बघत बसून राहिले. जी घाई केली तिचा एका दिवसाचाही उपयोग नव्हता. आकृती काढली असती तर ते अर्ध्या तासात दिसलं असतं, म्हणून मी इतक्या कळकळीनं सांगतोय.

आता सुतार म्हणतो, "जास्त पैसे द्या, 12 दिवसांत देतो." 8 दिवस वाचले? नाही. चौकटी 12ला आल्या तरी सेंट्रिंग 16लाच मोकळं होणार. काम 35व्या दिवशी संपेल, वाचले 4. त्याला म्हणा, 16 दिवसांत दे, आणि तेवढ्याचाच भाव ठरवा. त्याखाली आणलेल्या प्रत्येक दिवसाचे पैसे पाण्यात. शिवाय 16वर दोन्ही वाटा क्रिटिकल होतात, मग लक्षही दोन्हीकडे हवं.

आणि आकृती एकदा काढून भिंतीला चिकटवून ठेवू नका. मूळचे 20 दिवस धरून चाललोय असं समजा. 7व्या दिवशी सुताराला फोन केला, तो म्हणाला लाकूड ओलं आलंय, 3 दिवस जादा लागतील. पेन्सिल घ्या. चौकटी 23, भिंती 31, पाइप 34, प्लास्टर 42, सेंट्रिंगचा फ्लोट 7. गवंड्याला आजच कळवा, म्हणजे मधले दिवस तो दुसरीकडे लावेल.