काचेमागचा वारा

श्रोतेहो, नमस्कार. मोटरसायकलला विंडशील्ड लावली की वाऱ्याचा त्रास संपेल, असं आपण धरून चालतो. मीही तसंच धरलं होतं. उंच काच बसवली, आणि छातीवरचा वारा खरोखरच थांबला. पण वेग 80च्या पुढे गेला की हेल्मेट थडथडायचं. पुढच्या गाडीची नंबरप्लेट वाचता येईना, नजर ठरेना. दोन तासांत मान आखडून गेली.

त्या प्रवासात मोकळ्या, सरळ रस्त्यावर मी पाय ताणायला पायदानांवर जरासा उठलो. डोकं काचेच्या वीतभर वर गेलं आणि थडथड एकदम थांबली. वारा तोंडावर जोरात येत होता, पण एकसारखा. खाली बसून टाकीकडे वाकलो, तर तिथेही शांत. त्रास होता तो मधल्या चार बोटांच्या पट्ट्यात, आणि माझं डोकं नेमकं त्याच पट्ट्यात होतं.

हे का होतं? पुलाचा खांब डोळ्यांसमोर आणा. पुढून येणारं पाणी संथ असतं, खांबामागे मात्र भोवरे फिरतात. काचेचंही तसंच आहे. वारा काचेच्या वरच्या कडेवरून सुटतो, मागे हवेचा दाब कमी झालेला असतो, म्हणून वरची हवा खाली वळते. त्याच वेळी टाकी आणि फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, यांच्या मधून खालची हवा वर ओढली जाते. या ओढाताणीतून भोवरे उठतात आणि एकामागून एक हेल्मेटवर आपटतात. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. 60चा वेग 120 केला, तर जोर चौपट. शहरात न जाणवलेला दोष हमरस्त्यावर असह्य होतो तो यामुळेच.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की आणखी मोठी काच विकत घेण्याआधी वारा कुठे फुटतो ते शोधा. लोकरीच्या धाग्याचे बोटभर लांब तुकडे कापा आणि एकेक टोक चिकटपट्टीने काचेच्या आतल्या बाजूला, कडेला आणि टाकीवर चिकटवा. मोबाइल घट्ट बसवून चित्रण करा, घरी येऊन बघा. चालवताना धाग्यांकडे बघत बसू नका. जे धागे मागच्या दिशेला स्थिर फडकतात, तिथे वारा सरळ आहे. काचेच्या आतले धागे वर किंवा चक्क पुढे वळलेले दिसले, तर तिथे हवा उलटी फिरते आहे.

उपाय बहुतेकदा स्वस्त निघतो. काचेच्या खालच्या बोल्टांवर वॉशर किंवा स्पेसर, म्हणजे अंतर ठेवणारी जाड नळी, घालून काच 5 ते 10 मिलिमीटर पुढे घ्या. त्या फटीतून हवा आत शिरते आणि मागचा कमी झालेला दाब भरून निघतो. बोल्ट तेवढा लांब घ्यायला विसरू नका, नाहीतर आटे पुरेसे धरत नाहीत. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून काच कुठे अडत नाही ना, तेही पाहा. खालून फार वारा येत असेल, तर फोर्कच्या दोन्ही बाजूंना छोटे पडदे मिळतात, ते लावा.

उंचीचं म्हणाल, तर काच एवढी तरी ठेंगणी हवी की सरळ वारा खांद्यांवर आणि हेल्मेटवर यावा, नाहीतर एवढी उंच की भोवरे डोक्यावरून जावेत. उंच असली तरी नजर मात्र कडेवरूनच जायला हवी. पावसात, रात्री समोरचे दिवे फुटून दिसतात तेव्हा काचेतून बघणं धोक्याचं आहे. वरच्या कडेला लावायची छोटी पट्टीही उपयोगी पडते, पण ती आणि काच यांच्यात फट हवी.

एका वेळी एकच बदल करा. वारा नसलेल्या दिवशी, त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने जाऊन बघा. ट्रकमागे केलेली चाचणी धरू नका, कारण तिथली हवा आधीच फुटलेली असते. हँडलला किंवा फोर्कला जोडलेली फार मोठी काच वाऱ्याचा रेटा थेट हँडलवर देते. हँडल डोलू लागलं, तर हळूहळू वेग कमी करून थांबा आणि ती काच काढूनच टाका. हेल्मेट सैल असेल किंवा त्याला पुढे छज्जा असेल, तर काच कितीही जुळवली तरी डोकं हलत राहील.

माझ्या गाडीवर शेवटी काच दोन बोटं खाली आली आणि खालच्या दोन बोल्टांवर 8 मिलिमीटरचे स्पेसर बसले. वारा आता तोंडावर येतो, पण नंबरप्लेट स्वच्छ वाचता येते. प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी ते दोन बोल्ट मी हाताने तपासतो, कारण गाडीच्या थरथरीने ते सैल होतात. मात्र ते आवळायचे ते बेतानेच आणि खाली रबरी वॉशर ठेवून, नाहीतर काचेला भोकापासून तडा जातो.