सॉफ्टवेअर लायसन्स सांभाळणाऱ्याला पगार किती? पुणे, मुंबई, बेंगळुरू

नमस्कार मंडळी! आधी एक गंमत करा, जॉब साइट उघडा, मुंबई टाका आणि 'अ‍ॅसेट मॅनेजमेंट' सर्च करा. काय आलं? म्युच्युअल फंडवाले! आपल्याला हवंय ते सॉफ्टवेअरचं, म्हणजे कंपनीने कशाची किती लायसन्स घेतलीत, खरंच किती वापरतायत आणि उद्या सॉफ्टवेअर विकणाऱ्याकडून ऑडिटचा मेल आला तर दाखवायला कागद आहे का, हे बघायचं काम. म्हणून 'सॉफ्टवेअर लायसन्स' किंवा 'आयटीएएम' (आयटी अ‍ॅसेट मॅनेजमेंट) असं शोधा.

नेटवर पगाराची जी सरासरी फिरते ना, ती मी धरत नाही. लॅपटॉपवर बारकोड चिकटवत फिरणारा पोरगा आणि ओरॅकलसारख्या सॉफ्टवेअर कंपनीचं काँट्रॅक्ट ओळ न ओळ वाचणारी बाई, दोघं त्या एकाच आकड्यात कोंबलेले असतात.

मग पैसे नेमके कशाचे मिळतात? जावा या प्रोग्रॅमिंग भाषेचं बघा. जानेवारी 2023 मध्ये ओरॅकलने नियम बदलला, आता जावा किती मशीनवर आहे ते नाही, कंपनीत माणसं किती ते मोजतात, पार्टटाइमवाले, कंपनीचं काम करणारे कॉन्ट्रॅक्टवाले सगळे धरून. 999 माणसांपर्यंत लिस्ट प्राइस माणशी महिन्याला 15 डॉलर. म्हणजे कंपनी 500 जणांची, जावा लागतो दहा सर्व्हरवर, तरी वर्षाचे झाले 90,000 डॉलर, पाऊण कोटीच्या वर गेलं की राव! हे बिल यायच्या आधी जो म्हणतो की ओपनजेडीके, म्हणजे जावाचीच ओपन आवृत्ती, फुकट आहे, तिकडे जाऊ, तो माणूस कंपनीला कितीही पगारात स्वस्तच पडतो. त्यात नोव्हेंबर 2023 ला ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर (एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल सर्व्हर चालवायचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) विकत घेतली आणि महिन्याभरात एकदा घेतलं की कायमचं, अशी लायसन्स विकणंच बंद केलं. तेव्हापासून लायसन्स सांभाळणारी ही माणसं एकदम महत्त्वाची झाली.

आता शहरं. हिंजवडीत सर्व्हिस कंपनीत लागलात तर क्लायंटचा डेटा काढा, रिपोर्ट पाठवा, रात्री अमेरिकेचा कॉल, आणि पगार कंपनीच्या बँडप्रमाणे, फ्रेशरला साडेतीन लाखाच्या आसपास, मग सॅम (हेच सॉफ्टवेअर अ‍ॅसेट मॅनेजमेंट) करा नाहीतर टेस्टिंग. तेच खराडीला एखाद्या परदेशी कंपनीच्या स्वतःच्या सेंटरमध्ये, म्हणजे जीसीसीत, गेलात तर व्हेंडरशी घासाघीस करायच्या मीटिंगला बसायची संधी जास्त, आणि खरा भाव तिथे वाढतो. नॅसकॉमच्या 2024 च्या रिपोर्टमध्ये देशात अशी 1,700 च्या वर सेंटर आहेत, त्यातली सगळ्यात जास्त बेंगळुरूत. म्हणून ओपनिंग तिकडे जास्त, पण ऑफर बघताना घरभाडं आणि डिपॉझिट वजा करून बघा, पुण्यात घर असेल तर फरक बराच आटतो. मुंबईत बँका, इन्शुरन्सवाले. नागपूरला मिहानमध्ये मोठ्या कंपन्या आहेत, पण हे काम मॅनेजरकडे मागून घ्यावं लागेल.

सर्व्हिसनाऊ या टूलचं सर्टिफिकेट करा, आयटीआयएल (आयटी सर्व्हिस सांभाळायच्या पद्धतीचं) सर्टिफिकेटही करा, रिझ्युमे पुढे सरकतो. पण नुसतं टूलमध्ये क्लिक करणारे पुष्कळ आहेत हो. इंटरव्ह्यूत विचारतात: इंटेलचा सर्व्हर, 2 प्रोसेसर, प्रत्येकी 8 कोअर, ओरॅकल एंटरप्राइज डेटाबेसची किती लायसन्स? 16 कोअर गुणिले 0.5 (इंटेलच्या कोअरसाठी ओरॅकलने ठरवलेला गुणक), म्हणजे 8. लिस्ट प्राइस एकाला 47,500 डॉलर, एकूण 3,80,000. आता तोच सर्व्हर व्हीएमवेअरच्या क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरांमध्ये, असेल तर? ओरॅकल म्हणणार सगळे सर्व्हर मोजा. तिथे मुंडी हलवू नका, विचारा, हे आपल्या सहीच्या काँट्रॅक्टमध्ये कुठे लिहिलंय?