हे कडं कोणाच्या हातातलं?

मंडळी, मी सराफाच्या घरात जन्मलो. दागिना हातात आला की आधी तळहातावर तोलायचा, ही सवय अजून जात नाही. वजन, कस, मजुरी, घट या चार गोष्टी कळल्या की दागिना कळला, असं परभणीला आमच्या पेढीवर मला शिकवलं. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे जुने दागिने जमवायला लागलो तेव्हा उमगलं, पाचवी गोष्ट राहूनच गेली होती. तो कोणाच्या अंगावर होता?

फ्रेडी मर्क्युरी, इंग्लंडच्या ‘क्वीन’ या रॉक बँडचा गायक. जन्म झांजिबारचा, घर पारशी, मूळ नाव फारुख बलसारा आणि शाळा आपल्या पाचगणीची. सप्टेंबर २०२३ मध्ये लंडनला सदबीजने त्याच्या वस्तूंचा लिलाव केला. त्यात चांदीचं सापाच्या आकाराचं एक कडं होतं. अंदाज सात ते नऊ हजार पौंडांचा. गेलं ६,९८,५०० पौंडांना, म्हणजे सात कोटी रुपयांच्या वर! चांदी कितीशी असणार त्यात? पण १९७५ साली त्याच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याची चित्रफीत निघाली, तिच्यात ते त्याच्या हातात दिसतं. आणि लिलावाला आलं ते त्याच्याच घरातून. मधे कुठे मालकीची साखळी तुटली नव्हती.

आता आपल्याकडचं ऐका. बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या चांदीच्या सनया २०१६ च्या डिसेंबरात बनारसच्या घरातून चोरीला गेल्या. पुढच्या महिन्यात तपास लागला, पण पोलिसांच्या हाती आली ती वितळवलेली चांदी, किलोभर. मुशीत गेलेल्या वस्तूला कूळ राहत नाही. मराठवाड्यात तर मुशीला चोर लागत नाही, दुष्काळ पुरतो. बहात्तरच्या दुष्काळात सरी, गोठ, वाक्या, पुतळ्यांच्या माळा किती मोडीत गेल्या, ते म्हाताऱ्या सराफांना विचारा. भाकरीसाठी मोडलं, त्यांना मी कधीच नाव ठेवणार नाही. पण आज ‘जुन्या घडणीचं आहे’ एवढ्यावरून मोडतात, तेव्हा जीव तुटतो.

मी स्वतः फसलोय, तेही सांगतो. एका व्यापाऱ्याने मला मोत्यांची नथ दाखवली. गायिका गौहर जानने १९०२ साली कलकत्त्याला पहिली ध्वनिमुद्रणं केली, त्या दिवशी तिच्या नाकात हीच होती म्हणाला. मी भारावलो, पैसे मोजले. घरी येऊन भिंग लावलं. मोत्याच्या भोकात आत, काठाजवळ एक बारीक रेघ दिसली. वरचा मोत्याचा थर वेगळा आणि आतला मणी वेगळा. म्हणजे मोती लागवडीचा. असे गोल मोती बाजारात आले ते १९२० च्या सुमारास. १९०२ च्या नाकात ते येणार कुठून? नथ सुरेख आहे, अजून जपून ठेवलीय. पण गौहर जानचं नाव मी तिच्यावरून काढून टाकलं.

तेव्हापासून मी आधी कागद मागतो. जुना फोटो, पावती, घरातल्या माणसाची सही. काहीच नसेल तर निदान घरातल्या म्हातारीचं बोलणं तारखेसह लिहून घेतो.

हे कडं बघा. तुळजापूरकडचा एक तरुण ते मोडायला घेऊन आला होता. साधं, चांदीचं, नक्षी नाही. काट्यावर टाकायच्या आधी मी विचारलं, कोणाचं? म्हणाला, आजोबांचं, ते गोंधळात संबळ वाजवायचे. पंचक्रोशीत नावाजलेले होते, एका यजमानाने खूश होऊन हातात घातलं, ते मरेपर्यंत निघालं नाही. मी त्याला चहा पाजला आणि एवढं सगळं त्याच्याच हाताने लिहून घेतलं. आजोबांचा गळ्यात कवड्यांची माळ घातलेला एक फोटो घरी होता, तोही त्याने पुढच्या खेपेला आणून दिला. फोटोत उजव्या मनगटावर हेच कडं आहे. चांदीच्या भावापेक्षा मी त्याला बरंच जास्त दिलं, तरी मला ते थोडंच वाटलं.

आता मी ते पहिल्या रांगेपासून मागे पाठवतो. बाहेरच्या बाजूने बोट फिरवा. सगळीकडे गोल लागेल आणि एका जागी सपाट. संबळाच्या काठाला घासून घासून तिथली चांदी गेलीय.